ज्योत, यंत्र आणि शाळामास्तर

मनातील इच्छा एखाद्या आकृतीत बांधावी, ती आकृती कागदावर लिहावी किंवा मेणावर कोरावी आणि मग ती ज्योतीच्या स्वाधीन करावी, हा विधी आज इंग्लंड-अमेरिकेतील आधुनिक चेटूकपंथाच्या उपासकांत रूढ आहे, आणि त्या आकृतीला ते सिजिल असे नाव देतात. हा विधी आपणांस सर्वस्वी परका वाटावा असे काही नाही. कारण यंत्र आणि दिवा यांची जोडी आपल्या देशात फार जुनी आहे, आणि कोकणपट्टीतील तिच्या परिवाराची नोंद सव्वाशे वर्षांपूर्वी ज्यांनी केली, ते कोणी मांत्रिक किंवा पंडित नसून खेड्यापाड्यांतील प्राथमिक शाळांचे मास्तर होते. त्यांच्या त्या कामाची, ते ज्या अधिकाऱ्याच्या प्रेरणेने झाले त्याच्या मृत्यूची आणि त्याच सुमारास विलायतेत उगवलेल्या एका नव्या पंथाची ही हकीकत आहे.

ज्या मुलुखात ही हकीकत घडते त्याचे स्वरूप आरंभी ध्यानात घ्यावे. आज इमारतींनी दाटलेले बदलापूर त्या काळी ठाणे जिल्ह्याच्या कल्याण तालुक्यातील उल्हास नदीकाठचे एक गाव होते. 1856 साली कल्याणहून खोपोलीकडे जाणारा लोहमार्ग सुरू झाला आणि बोरघाटाच्या पायथ्यापर्यंत आगगाडी धावू लागली. पण रुळांच्या दोन्ही बाजूंना आगरी, कुणबी, ठाकर आणि कातकरी यांची वस्ती आपल्या जुन्या रीतीने नांदत राहिली. शेजारी अंबरनाथला शके 982 चा, म्हणजे 1060 सालचा, शिलाहार राजा माम्वाणीचा शिलालेख असलेले शिवालय, तर पलीकडे मलंगगडावर माघी पौर्णिमेला हिंदू आणि मुसलमान दोघेही ज्याच्या दर्शनाला चढतात ते बाबा मलंगांचे स्थान. ज्या प्रांतात देव, पीर, भगत आणि वैद्य यांच्या हद्दी इतक्या एकमेकींत मिसळल्या होत्या, तेथे दुखण्याखुपण्यात माणूस एकाच दाराशी जाऊन थांबत नसे, यात नवल नाही.

या श्रद्धांकडे राजसत्तेने कोणत्या दृष्टीने पाहिले, याचा पुरावा पेशवाईच्या दप्तरात आहे. पेशव्यांच्या रोजनिश्यांना 1900 साली लिहिलेल्या विवेचक प्रस्तावनेत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या गोष्टीकडे लक्ष वेधले की, भुताळे आणि भुताळणी हुडकून काढून त्यांना शासन करणे हे त्या काळी सरकारी कामकाजाचेच एक अंग मानले जाई. गुरे मेली, मूल दगावले, पीक बसले, की कोणावर तरी आळ यायचा, फिर्याद गुदरायची आणि अंमलदाराला चौकशी करावी लागायची. आळ ज्याच्यावर यायचा तो बहुधा गावातील दुबळा माणूस; त्यातही स्त्री, आणि तीही निराधार असली तर तिच्या बाजूने बोलणारा कोणी नसे. चेटकाच्या आपल्या इतिहासातील खरी काळी बाजू ही आहे, आणि यंत्रातंत्रांच्या गूढ आकृत्यांनी मोहून जाण्यापूर्वी वाचकाने ती मनात पक्की करून ठेवावी.

आता त्या आकृत्यांकडे वळू. यंत्र लिहिण्याचे साहित्य ठरलेले असे: भूर्जपत्र, अष्टगंधाची शाई, डाळिंबाची काडी, आणि लिहून झाले की तांब्याच्या किंवा चांदीच्या ताइतात घालून ते दंडाला अथवा गळ्यात बांधायचे. या यंत्रांपैकी सर्वांत प्रसिद्ध ते नऊ घरांचे, ज्यात एक ते नऊ हे अंक असे मांडतात की उभी, आडवी वा तिरपी कोणतीही ओळ घेतली तरी बेरीज पंधराच यावी. अशा चौकटींचा विचार करणारे आपल्याकडे मांत्रिकच होते असे नाही. वराहमिहिराने बृहत्संहितेत सुगंधी द्रव्यांच्या मिश्रणासाठी सोळा घरांची चौकट दिली, आणि नारायण पंडिताने 1356 साली रचलेल्या गणितकौमुदीत या विषयाला भद्रगणित म्हणून एक स्वतंत्र प्रकरणच वाहिले. मनोरंजक गणिताची जी गोष्ट विद्वानाने पोथीत ठेवली, तीच गावातील मांत्रिकाने ताइतात घातली, एवढाच काय तो भेद.

ज्योतीचा संबंध येतो तो पलित्याच्या द्वारे. दख्खनच्या मुसलमानांच्या चालीरीतींवर जाफर शरीफ यांनी लिहिलेला आणि हर्क्लॉट्स नावाच्या डॉक्टराने भाषांतरित केलेला कानून-ए-इस्लाम हा ग्रंथ 1832 साली लंडनला प्रसिद्ध झाला. त्यात ताइतांबरोबर पलित्यांचेही वर्णन आहे. अंकांची चौकट किंवा अक्षरे कागदावर लिहायची, त्या कागदाची गुंडाळून वात करायची आणि ती दिव्यात घालून पेटवायची. बाधा झालेल्या माणसाने त्या ज्योतीसमोर बसायचे. लिहिलेले चिन्ह जळून गेले म्हणजे त्यातील सामर्थ्य मोकळे झाले, अशी त्यामागील धारणा. आज परदेशातील एखादी स्त्री मेणबत्तीवर टाचणीने आकृती कोरून ती शेवटपर्यंत जळू देते, त्या कृतीचे इतके जवळचे प्रतिरूप दुसरे सापडणे कठीण आहे.

गावातील रूढ विधींमध्येही अग्नी आणि आकृती यांचे साहचर्य पदोपदी दिसे. मुलाला दृष्ट लागली की मीठ, मोहऱ्या आणि मिरच्या ओवाळून चुलीत टाकायच्या आणि त्यांचा वास किंवा तडतड यांवरून दृष्टीचा जोर ताडायचा. आषाढी अमावास्येला घरातील सारे दिवे घासूनपुसून पाटावर मांडायचे, भोवती रांगोळी घालायची आणि त्यांची पूजा करायची. उत्तरेकडे डहाणू-जव्हारच्या वारल्यांत लग्नाच्या वेळी सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक लिहितात, त्यात पालघट देवी असते आणि धवलेरी, म्हणजे लग्नविधी करणारी स्त्री, गाणी म्हणून तिला आवाहन करते. हे विधी मांगल्याचे. पण त्याच कोकणात मूठ मारणे आणि करणी करणे यांचीही दहशत होती. वैऱ्याच्या नावाने मंतरलेली मूठ रात्री आकाशातून ज्योतीसारखी जाते, असे लोक मानीत. दिवाही तोच आणि अक्षरेही तीच. कोणाच्या कल्याणासाठी आणि कोणाच्या नाशासाठी ती वापरायची, एवढेच काय ते माणसाच्या हातात राही.

इंग्रजी अमलात या सृष्टीकडे बाहेरच्यांचे लक्ष दोन दिशांनी वळले. पहिली दिशा गूढविद्येच्या शोधकांची. 1875 साली न्यूयॉर्कमध्ये थिऑसॉफिकल सोसायटी स्थापन करणारे कर्नल ऑल्कॉट आणि मादाम ब्लाव्हाट्स्की 16 फेब्रुवारी 1879 रोजी मुंबईत उतरले, गिरगावात राहिले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी द थिऑसॉफिस्ट हे मासिक सुरू केले. एप्रिलमध्ये ते कार्ल्याची लेणी पाहण्यास निघाले तेव्हा नेरळपर्यंत आगगाडीने गेले, म्हणजे बदलापूरच्या शिवारातूनच त्यांची गाडी गेली. त्यांचे डोळे लेण्यांकडे आणि महात्म्यांकडे लागले होते. वाटेवरच्या झोपडीत ठाकराचा भगत काय करतो, हा त्यांच्या जिज्ञासेचा विषय नव्हता. पौर्वात्य गूढज्ञानाची जी प्रतिमा पुढे पश्चिमेत पसरली ती बव्हंशी ग्रंथांतून आणि कल्पनेतून घडली, गावातील अनुभवातून नव्हे, याचे कारण इथेच शोधावे लागते.

दुसरी दिशा मुलकी अधिकाऱ्यांची. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे संपादक जेम्स कॅम्बेल यांनी ठाणे जिल्ह्याचा खंड 1882 साली प्रसिद्ध केला, आणि गॅझेटियरच्या निमित्ताने जमलेल्या माहितीवरून 1885 साली भूतकल्पना हीच आचारविचारांचे मूळ कशी, यावर आपली टिपणे छापली. त्याच गॅझेटियरच्या गुजरातच्या इतिहासाच्या खंडासाठी, म्हणजे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी मागे ठेवलेल्या लेखनावर, काम करणारा एक तरुण सनदी अधिकारी होता: आर्थर मेसन टिपेट्स जॅक्सन. संस्कृताचा त्याचा व्यासंग असा की लोक त्याला पंडित जॅक्सन म्हणत.

जॅक्सनने जे योजले ते साधे पण दूरदर्शी होते. लंडनच्या फोकलोर सोसायटीचे, म्हणजे 1878 साली स्थापन झालेल्या लोकविद्या मंडळाचे, अभ्यासक विल्यम क्रुक यांनी उत्तर हिंदुस्थानातील लोकश्रद्धांसाठी जी प्रश्नावली तयार केली होती, तिच्या धर्तीवर गुजरात आणि कोकणातील गावोगावच्या शाळामास्तरांना प्रश्न पाठवावयाचे. सूर्यचंद्रांविषयी लोक काय मानतात, ग्रहणात काय करतात, दृष्ट कशी काढतात, ताईत कशाचे करतात, चेटकीण कोणाला म्हणतात, भूत कसे उतरवतात, असे ते प्रश्न. त्यांची उत्तरे देणे मास्तरालाच शक्य होते. कारण तो गावात राहत होता, लोक त्याच्याकडून पत्रे लिहवून घेत, आणि इंग्रजी अंमलाच्या शिक्षणाने त्याला जे दूरत्व दिले होते ते तिरस्कारापर्यंत पोचलेले नव्हते. ठाणे, कुलाबा आणि रत्नागिरी या जिल्ह्यांतून उत्तरे आली. त्यांत मुंजा होता, वेताळ होता, हडळ, जखीण, खवीस, समंध आणि गिऱ्हा यांची कुळे होती, आणि त्यांना आवरणाऱ्या भगतांचे, देवऋषींचे, अंगाऱ्यांचे आणि ताइतांचे तपशील होते.

हा संग्रह पूर्ण होऊन छापलेला पाहणे जॅक्सनच्या नशिबी नव्हते. तो नाशिकचा कलेक्टर होता, आणि ते वर्ष 1909 होते. बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती आणि नाशिकच्या क्रांतिकारक तरुणांच्या मनात संताप धुमसत होता. जॅक्सनची बदली ठरली, निरोपाच्या निमित्ताने विजयानंद नाट्यगृहात देवलांच्या शारदा नाटकाचा प्रयोग झाला, आणि 21 डिसेंबरच्या त्या रात्री अनंत कान्हेरे या तरुणाने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे हे तिघे 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले. एका बाजूला देशासाठी प्राण देणारे तरुण, दुसऱ्या बाजूला त्या देशाच्या विद्येवर प्रेम करणारा, परंतु परक्या सत्तेचा दंड हाती धरलेला अधिकारी. परदास्याच्या काळात या दोन गोष्टी एकाच रात्री एकाच नाट्यगृहात समोरासमोर येतात, आणि इतिहासकाराला त्यांपैकी एकीचेही महत्त्व कमी करता येत नाही. तरुणांचे बलिदान महाराष्ट्राने स्मरणात ठेवले आहे, आणि ते योग्यच आहे. संग्रहाचे मात्र विस्मरण झाले.

तो वाचवला रेजिनाल्ड एन्थोव्हेन या दुसऱ्या सनदी अधिकाऱ्याने. जॅक्सनने जमविलेली सामग्री त्याने विषयवार लावली; गुजरातचा भाग 1914 साली आणि कोकणचा 1915 साली प्रसिद्ध झाला, आणि पुढे त्याच आधारावर त्याने 1924 साली मुंबई इलाख्याच्या लोकविद्येवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. कोकणच्या भागातील तळटीपा पाहिल्या तर माहिती देणाऱ्याचा उल्लेख बहुतेक ठिकाणी हुद्दा, गाव आणि जिल्हा एवढाच आहे. शाळामास्तराचे नाव नाही. तुटपुंज्या पगारावर एका खोलीच्या शाळेत मुळाक्षरे गिरवून घेणाऱ्या त्या माणसांनी आपल्या प्रांताच्या मनाचा एवढा मोठा दस्तऐवज तयार केला, आणि इतिहासाने त्यांना केवळ गावाच्या नावाने ओळखले.

आता विलायतेकडे पाहू, कारण काळाचा योग विलक्षण आहे. जॅक्सनचा संग्रह छापखान्यात जात होता त्याच सुमारास, 1913 साली, लंडनमध्ये ऑस्टिन उस्मान स्पेअर या चित्रकाराने बुक ऑफ प्लेझर हे पुस्तक स्वतःच प्रसिद्ध केले. जुन्या युरोपीय जादूत सिजिल म्हणजे देवदूताची किंवा पिशाचाची मुद्रा, आणि ती पोथीतून जशीच्या तशी उतरून घ्यायची असे. ग्रहदेवतेची मुद्रा काढायची तर तिच्या नावातील अक्षरांचे अंक करून ग्रहाच्या अंकचौकटीत त्या त्या घरांवरून रेघ ओढीत जायचे. या चौकटी आग्रिपा या जर्मन पंडिताने 1533 साली छापलेल्या आपल्या ग्रंथात दिल्या आहेत. स्पेअरने पोथी बाजूला सारली. आपली इच्छा एका वाक्यात लिहा, पुन्हा आलेली अक्षरे गाळा, उरलेल्यांची मिळून एक आकृती बनवा, तिच्यावर चित्त एकाग्र करा आणि मग तिला विसरा, म्हणजे ती अंतर्मनात जाऊन काम करील, असे त्याचे मत. चिन्हाचे सामर्थ्य देवतेकडून काढून माणसाच्या मनाकडे देणारा हा बदल मोठा होता.

फोकलोर सोसायटीच्या वर्तुळातूनच दुसरा प्रवाह निघाला. मार्गारेट मरे या विदुषीने 1921 साली असे प्रतिपादन केले की युरोपात ज्या स्त्रियांना चेटकिणी म्हणून जाळले वा फाशी दिले, त्या एका प्राचीन धर्माच्या उपासक होत्या. पुढील संशोधकांनी हे मत टिकू दिले नाही. परंतु त्याच मंडळाचा सदस्य असलेला जेरल्ड गार्डनर, ज्याने सिलोन, बोर्निओ आणि मलाया येथे चहा-रबराच्या मळ्यांत व सरकारी नोकरीत आयुष्य घालविले होते, त्याने त्या मताचा आधार घेऊन नवा पंथच उभा केला. 1735 सालचा चेटूकविषयक कायदा ब्रिटिश पार्लमेंटने 1951 साली रद्द केला आणि 1954 साली गार्डनरचे विचक्राफ्ट टुडे बाहेर पडले. मेणबत्तीच्या विधींवर अमेरिकेत हेन्री गमाश याचे पुस्तक 1942 साली आले होते. गार्डनरचा मार्ग अमेरिकेत नेणाऱ्या रेमंड बकलंडने 1970 साली त्याच विषयावर सुबोध पुस्तक लिहिले. त्यानंतर आठ वर्षांनी पीटर कॅरल आदी तरुणांनी स्पेअरची आकृती पुन्हा वर काढली. आकृती आणि मेणबत्ती यांचा आजचा संयोग या प्रवाहांच्या मिश्रणातून सिद्ध झालेला आहे: इच्छेप्रमाणे रंग निवडायचा, मेणावर आकृती कोरायची, तेल लावायचे आणि ज्योत अखेरपर्यंत जळू द्यायची.

या दोन इतिहासांची तुलना केली असता एक गोष्ट निर्विवाद दिसते. नऊ घरांची पंधरा बेरजेची चौकट आग्रिपाने शनीला दिली; आपल्याकडील नवग्रहयंत्रांत तीच पंधराची बेरीज सूर्याची आहे, आणि प्रत्येक ग्रहाला तीन तीन वाढवीत चंद्राला अठरा, मंगळाला एकवीस, असे करीत शनीला तेहेतीस दिलेले आहेत. अंक दोहोंकडे सारखेच खरे, पण ग्रह निराळे. चौकटीत खरोखरच शनीचे किंवा सूर्याचे बळ असते तर हा मतभेद संभवता ना. गणित सर्वत्र एक राहते. त्यावर चढविलेला अर्थ मात्र समाजागणिक बदलतो, आणि म्हणून तो अर्थ माणसाने निर्माण केलेला आहे, हे या दोन चौकटी स्वतःच सांगतात.

परिणामांत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर पडले. पश्चिमेत चेटकीण हे नाव आज अनेकजणी स्वेच्छेने, अभिमानाने स्वीकारतात, कारण तेथे चेटकिणींवरील खटले थांबून दोनशेहून अधिक वर्षे लोटली आहेत. आपल्याकडे ते नाव अजूनही दुसऱ्यावर लादले जाते. सातपुड्यातील नंदुरबारच्या पाड्यांत डाकीण ठरविलेल्या बाईला मारहाण आणि बहिष्कार सोसावा लागल्याची उदाहरणे आपल्याच पिढीने पाहिली आहेत. गार्डनरचे पुस्तक निघाले त्याच 1954 साली भारतीय संसदेने औषधे आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा केला, आणि त्यात ताईत, मंत्र व कवच यांचा नामनिर्देश आहे. एकाच वर्षी एका देशात चेटकाला ग्रंथप्रतिष्ठा मिळावी आणि दुसऱ्या देशाने त्याच्या बाजाराला आळा घालू पाहावा, यातून दोन्ही समाजांच्या गरजा किती भिन्न होत्या हे कळते.

महाराष्ट्राने पुढचे पाऊल फार मोठी किंमत देऊन टाकले. 1989 साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन करून जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षे झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली. चारच दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. एखादा माणूस करणी किंवा चेटूक करतो असे भासवून त्याचे जगणे मुश्किल करणे, भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे, चमत्काराच्या दाव्याने लोकांना फसविणे, यांसाठी त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. भुताळीचा शोध घेणे हे जेथे एके काळी अंमलदाराचे काम होते, तेथे भुताळी ठरविणारालाच आरोपी करणारा कायदा झाला, हा सव्वादोनशे वर्षांचा प्रवास लहान नाही. 2021 च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने दूरचित्रवाणीवरून चमत्कारी यंत्रे विकण्याच्या जाहिराती या कायद्याखाली बेकायदा ठरविल्या, तेव्हा भूर्जपत्रावरून पडद्यावर आलेल्या यंत्रापर्यंत त्याचा हात पोचला.

दाभोलकरांची ध्येयनिष्ठा आणि त्या अनामिक मास्तरांची नोंदनिष्ठा या मला परस्परविरोधी वाटत नाहीत. पहिलीशिवाय निरपराध माणसाचे रक्षण होत नाही आणि दुसरीशिवाय आपल्याच पूर्वजांचे मन आपणांस कळत नाही. दीपपूजेचा पाट, देवचौक, अंकांची चौकट, पलित्याची वात यांचा अभ्यास आस्थेने व्हावा, त्यांतील कला आणि गणित मुलांना शिकवावे. पण त्यांच्या नावाने कोणी पैसे मागू लागला, औषधापासून रोग्याला दूर ठेवू लागला किंवा शेजारणीकडे बोट दाखवू लागला, तर तेथे आस्थेचे क्षेत्र संपले असे समजून पोलीस ठाण्याची पायरी चढावी. घरात मेणबत्ती पेटवून स्वतःची इच्छा तिच्यासमोर मांडणाऱ्या तरुण मुलामुलींशी माझे भांडण नाही. त्यांनी एवढेच जाणून घ्यावे की ज्योतीसमोर स्थिर होते ते आपलेच मन, आणि पुढचे काम आपल्याच हातांनी करायचे असते.

आणि एक विनंती ठाणे जिल्ह्यातील शिक्षकांना. बदलापूर, अंबरनाथ, मुरबाड, शहापूर या पट्ट्यातील ठाकर आणि कातकरी पाड्यांवर आजही अशी म्हातारी माणसे आहेत ज्यांना जुने विधी, जुनी गाणी आणि भिंतीवरचे चौक ठाऊक आहेत. त्यांच्याकडे जाऊन, विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन, हे सारे आपल्या भाषेत लिहून काढावे. आणि या वेळी सांगणाऱ्याचे व लिहिणाऱ्याचे, दोघांचेही नाव, त्यांना मान्य असेल तर, पानावर अवश्य घालावे.